कोव्ह गावात एक दिवस: आधी धक्का, मग टेकडी

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॉर्क शहरापासून लोकल गाडीने पंचवीसेक मिनिटांवर, कोव्ह हे छोटंसं बंदराचं गाव आहे. इंटरनेटवर त्याचा एक फोटो फार फिरतो: उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली रंगीबेरंगी घरं आणि त्यांच्या मागे आभाळात घुसलेलं राखाडी चर्च. बहुतेक जण तो फोटो काढायला येतात, दीड तासात काम उरकतात आणि परतीची गाडी पकडतात. असं करू नका. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडून साठ लाखांहून अधिक माणसं गेली. त्यांतली पंचवीस लाखांच्या घरात माणसं जहाजावर चढली ती इथून. हे आधी समजून घेतलं तर वरचं चर्च, खालचे पुतळे, समोरची बेटं सगळ्यांचा अर्थ लागतो. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे. सकाळी पाण्याकाठचं बघायचं, दुपारी टेकडी चढायची.

कॉर्कला शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी आणि त्यांना भेटायला भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहीत आहे. डब्लिनहून येणाऱ्यांनाही एका दिवसात जमतं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कला गाडीने अडीच तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे सकाळची लवकरची गाडी धरा.

निघण्याआधी

भारतातून येणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट व्हिसाची. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. फ्रान्स-जर्मनीसाठी काढलेल्या व्हिसावर इथे उतरता येत नाही. ब्रिटनच्या व्हिसावर येणार असाल तर त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असा शेरा आहे का ते बघा. शेरा असेल तरी आधी ब्रिटनमध्ये उतरून मगच आयर्लंडला यावं लागतं. चलन युरो, ब्रिटिश पौंड नाही. प्लग मात्र ब्रिटनसारखे, तीन चौकोनी पिनांचे.

दुसरी गोष्ट दिवस निवडण्याची. कोव्हच्या धक्क्याला उन्हाळ्यात मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात, तीही थेट रेल्वे स्टेशनला खेटून. जहाज आलेल्या दिवशी हजारो माणसं एकदम गावात उतरतात. मग संग्रहालयापुढे रांग लागते आणि जेवायला टेबल मिळत नाही. पोर्ट ऑफ कॉर्कच्या संकेतस्थळावर जहाजांचं वेळापत्रक असतं, ते आदल्या दिवशी बघून ठेवा. ज्यांना जहाजच बघायचं आहे त्यांनी मुद्दाम तोच दिवस धरावा. बारा-पंधरा मजली जहाज त्या लहानशा गावाच्या तोंडाशी उभं असतं, ते बघण्यासारखं असतंच.

हवेबद्दल थोडक्यात: छत्री घरी ठेवा. बंदरावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं, पाणी आत न येणारं जॅकेट घ्या आणि आत पातळ कपड्यांचे दोन-तीन थर चढवा. जून-जुलैमध्येसुद्धा सकाळी ऊन, अकराला सर, एकला पुन्हा ऊन असं चालतं. पाऊस आला म्हणून बेत रद्द करू नका, अर्ध्या तासात चित्र बदलतं. बूट पकड असलेले हवेत, कारण गावातले उतार ओले झाले की निसरडे होतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारतं. हिवाळ्यात जाणार असाल तर टेकडी दुपारी लवकर उरका.

गाडी

कॉर्कच्या केंट स्टेशनवरून कोव्हची लोकल सुटते. डब्लिनमध्ये वापरता तेच लीप कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) इथे चालतं. कार्ड नसेल तर मशीनवर तिकीट काढा. जाऊन-येऊन एकदमच घेतलं तर स्वस्त पडतं. रविवारी गाड्या कमी असतात, वेळापत्रक आयरिश रेलच्या अ‍ॅपवर बघून निघा. दहा मिनिटं हातात असतील तर स्टेशनातच एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलेलं आहे, छत्तीस नंबरचं, १८४० च्या दशकात बनलेलं. तेही बघून घ्या.

डब्यात उजव्या हाताची खिडकी धरा. लिटल आयलंड स्टेशन सोडलं की पाणी दिसायला लागतं आणि पुढे बहुतेक वाटभर त्याच बाजूला राहतं. भरती असेल तर लाटा रुळांच्या अगदी जवळ येतात. ओहोटी असेल तर चकचकीत चिखलावर पक्षी चोची मारत फिरताना दिसतात. मध्ये फोटा नावाचं स्टेशन लागतं. तिथे मोठं प्राणिसंग्रहालय आहे, मुलं तिथे उतरायचा हट्ट धरतील. त्याला स्वतंत्र दिवस द्या. दोन्ही एका दिवसात कोंबलं तर मुलंही दमतात आणि कोव्हही नीट होत नाही.

स्वतःच्या कारने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कोव्ह हे ग्रेट आयलंड या बेटावर आहे आणि बेटावर येणारा रस्त्याचा पूल एकच, बेलव्हेलीचा. विमानतळाच्या बाजूने येत असाल तर ग्लेनब्रुकहून कॅरिगलोला गाड्या नेणारी फेरीबोट आहे, पाच मिनिटांत पलीकडे सोडते. मुलांना ती फार आवडते.

सकाळ: धक्का

कोव्हला उतरलात की लगेच गावात जाऊ नका. जुन्या स्टेशनच्या इमारतीतच कोव्ह हेरिटेज सेंटर आहे. सुरुवात तिथून करा आणि किमान दीड तास द्या. दिवसभरात एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर ते इथलं काढा, असं माझं ठाम मत आहे. गावातलं टायटॅनिकचं संग्रहालय जास्त गाजलेलं आहे, पण इथे टायटॅनिकही आहे आणि त्याच्या मागचापुढचा शंभर वर्षांचा इतिहासही आहे.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं दुष्काळ चालला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्या सुरुवातीच्या जहाजांवर इतके प्रवासी वाटेतच दगावत, की लोक त्यांना शवपेटीची जहाजं म्हणत. त्याही आधी, १७९१ पासून, इथूनच कैद्यांना ऑस्ट्रेलियाला नेत असत. हे सगळं इथे मांडलं आहे. यात एक गोष्ट थांबून वाचावी अशी आहे. ज्याला अमेरिकेला जायचं आहे त्याच्या घरी आदल्या रात्री गाव जमायचं. माणूस गेल्यावर मृतदेहाशेजारी रात्र जागवायची रीत होती, तसंच जिवंत माणसासाठी जागायचे. गाणी व्हायची, नाच व्हायचा आणि पहाटे आई हंबरडा फोडायची, कारण मुलगा पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. याला 'अमेरिकन वेक' म्हणत. आज आपण रोज व्हिडिओ कॉल करतो, वर्षाकाठी एकदा तरी घरी जातो. तरी परदेशी राहणाऱ्या कुणालाही ते वाचताना घशात आवंढा येतो. आईवडील बरोबर असतील तर त्यांना हे मराठीत सांगा, इंग्रजी पाट्या वाचून घ्यायचा कंटाळा करू नका.

बाहेर आलात की पाण्याच्या कडेला अ‍ॅनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले, ही सतरा वर्षांची पोरगी भावांना घेऊन डिसेंबर १८९१ मध्ये इथून 'नेवाडा' जहाजावर चढली. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड केंद्र सुरू झालं आणि त्याच्या दारातून आत गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे अ‍ॅनी. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं बक्षीस मिळालं. तिचा दुसरा पुतळा एलिस आयलंडवर आहे, तिथे ती एकटी आहे. इथे भाऊ बरोबर आहेत. जिथून निघाली तिथला आणि जिथे पोचली तिथला असे दोन्ही पुतळे बघितलेला कुणी भेटला तर त्याच्याशी जरूर बोला.

तिथून गावाच्या दिशेने पाण्याच्या कडेने चालत निघा. रस्ता सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही त्रास नाही. वाटेत केनेडी पार्क लागतं. बाकं आहेत, बँडस्टँड आहे आणि समोर बंदर पसरलेलं आहे. समोर दिसणारं इमारतींचं बेट म्हणजे हॉलबोलिन, आयरिश नौदलाचा तळ. भारतीय माणसाने इथे क्षणभर थांबावं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटात नष्ट झालं, ३२९ माणसं गेली. मृतदेह शोधायला जी जहाजं धावली त्यांत आयरिश नौदलाचं 'ॲश्लिंग' होतं आणि मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले. त्या दुर्घटनेचं स्मारक पश्चिम कॉर्कमध्ये अहाकिस्टा इथे समुद्राकाठी आहे. ते इथून बरंच लांब आहे, पण कॉर्कमध्ये राहणाऱ्याने एकदा तरी जाऊन यावं.

चौक

केनेडी पार्कनंतर केसमेंट स्क्वेअर. चौकाच्या मधोमध लुसिटानियाचं स्मारक आहे. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने हे प्रवासी जहाज किन्सेलजवळ बुडवलं, सुमारे बाराशे माणसं गेली. वाचलेले आणि मेलेले, दोन्ही याच धक्क्यावर आणले गेले. स्मारकात देवदूत उंचावर उभा आहे, पण माझी नजर नेहमी खालच्या दोन मच्छीमारांवर जाते. खांदे पडलेले, चेहरे ओढलेले. त्या दिवशी होड्या घेऊन गेले ते असेच लोक, आणि ज्यांनी प्रेतं ओढून वर घेतली तेही तेच. पुतळ्याला प्रदक्षिणा घालून बघा, समोरून फोटो काढून निघू नका.

चौकाला लागूनच टायटॅनिक चालवणाऱ्या व्हाइट स्टार लाइन कंपनीची जुनी तिकीट कचेरी आहे. आता तिथे टायटॅनिक एक्सपीरियन्स आहे. गावाचं नाव तेव्हा क्वीन्सटाउन होतं. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया येऊन गेली म्हणून ते ठेवलं होतं, पुढे स्वातंत्र्याच्या काळात बदललं. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक इथे थांबलं, तो त्याचा शेवटचा थांबा. जहाज धक्क्याला लागलं नाही, बंदराच्या तोंडाशी रोचेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभं राहिलं, आणि माणसं छोट्या बोटींनी नेली. इथून १२३ प्रवासी चढले. पहिल्या वर्गाचे तीन, दुसऱ्याचे सात आणि बाकीचे ११३ तिसऱ्या वर्गाचे. या आकड्यांवरून कळतं की इथून कोण जात होतं.

आत जाताना तुमच्या हातात एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचं बोर्डिंग कार्ड देतात. तो माणूस वाचला की नाही हे शेवटी भिंतीवरच्या यादीत कळतं. मुलं यात गुंगून जातात. सगळा कार्यक्रम तासाभरात आटपतो. हेरिटेज सेंटर झालं असेल आणि खिशाचा विचार करायचा असेल तर हे सोडलं तरी चालेल. मात्र कचेरीच्या मागच्या बाजूला पाण्यात उभे असलेले जुन्या लाकडी धक्क्याचे कुजलेले खांब बघा. त्याला तिकीट लागत नाही. त्याच फळ्यांवरून ते १२३ जण बोटीत उतरले. जे सात प्रवासी इथे उतरले त्यांत फ्रान्सिस ब्राउन नावाचा धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारा तरुण होता. जहाजावर त्याने काढलेले फोटो त्याच्याबरोबर किनाऱ्यावर आले, म्हणून ते आज आपल्याला बघायला मिळतात.

जेवण

एक ते दोन ही खरी गर्दीची वेळ, म्हणून साडेबाराला बसा. मासे खाणाऱ्यांनी सीफूड चाउडर मागवावं. मलईदार घट्ट सूप, त्यात मासे आणि शिंपले, सोबत कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा तपकिरी सोडा ब्रेड आणि लोणी. एका वाडग्यात पोट भरतं. तो ब्रेड जाडजूड आणि किंचित गोडसर असतो, गरम असताना लोणी लावून खाल्ला तर भाजीभाकरीवर वाढलेल्या माणसालाही पटतो.

शाकाहारी माणसांनी व्हेजिटेबल सूपवर विसंबण्याआधी ते कोंबडीच्या पाण्यात तर शिजवलेलं नाही ना, हे विचारावं. लोक न वैतागता आत जाऊन विचारून येतात. चीज टोस्टी, चिप्स, स्कोन हे सगळीकडे मिळतं. सकाळच्या आयरिश न्याहारीत जी काळी चकती असते ती ब्लॅक पुडिंग, त्यात डुकराचं रक्त असतं. आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. चहा मात्र मनासारखा मिळतो. कॉर्कचा बॅरीज टी कडक असतो, दूध वेगळं देतात.

घरून डबा आणायचा असेल तर खुशाल आणा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी. केनेडी पार्कच्या बाकावर बसून खायला कुणाची हरकत नसते. फक्त सीगल पक्ष्यांपासून सांभाळा. ते मागून झेप घेऊन हातातली पुरी पळवतात आणि एकाला मिळालं की दहा जमतात. त्यांना मुद्दाम खायला घालू नका.

दुपार: टेकडी

आता चढायचं. चौकातून सेंट कोलमन्स कथीड्रलपर्यंतचा, म्हणजे फोटोतल्या त्या चर्चपर्यंतचा रस्ता छोटा पण चांगलाच उभा आहे. ज्यांना दम लागतो त्यांच्यासाठी टॅक्सी करा, दोन मिनिटांचं भाडं पडतं आणि उरलेला दिवस चांगला जातो.

चर्चचं बांधकाम १८६८ मध्ये सुरू झालं, शिखर १९१५ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे टायटॅनिकच्या प्रवाशांना ते अर्धवटच दिसलं असणार. उंची ९१ मीटर. इतक्या लहान गावात एवढं चर्च कसं, हा प्रश्न सकाळी हेरिटेज सेंटर बघितलेल्या माणसाला पडत नाही. परदेशी गेलेल्यांनी अमेरिका-ऑस्ट्रेलियातून पाठवलेल्या देणग्या त्याच्या बांधकामात आहेत. आत गेल्यावर आधी मान खाली घाला, जमिनीवरचं मोझेक बघा. मग कमानींच्या वरचं कोरीव काम बघा, त्यात आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म आल्यापासूनचा इतिहास दगडात कोरला आहे. प्रवेशाला तिकीट नाही, दानपेटी आहे. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा, फिरू नका, फोटो काढू नका.

मनोऱ्यात ४९ घंटा आहेत, सगळ्यात मोठी सुमारे साडेतीन टनांची. त्यांवर गाणी वाजवतात. वादक मनोऱ्यात बसून लाकडी दांड्यांवर मुठीने ठोसे मारतो, त्या दांड्या तारांनी घंटांच्या लोलकांना जोडलेल्या असतात. उन्हाळ्यात रविवारी दुपारी याचा कार्यक्रम होतो. जमलं तर त्या वेळी चर्चच्या आत न थांबता बाहेरच्या कठड्याशी उभे राहा. सूर बंदरावर पसरतात आणि तिथूनच ते खरे ऐकू येतात.

आता तो फोटो. रंगीत घरांच्या रस्त्याचं नाव वेस्ट व्ह्यू. तेवीस घरं उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उभी आहेत. गावकरी त्यांना 'डेक ऑफ कार्ड्स' म्हणजे पत्त्यांचा कॅट म्हणतात, सगळ्यांत खालचं पडलं तर बाकीची त्याच्यावर कोसळतील म्हणून. घरं आणि मागे चर्च असं एका चौकटीत हवं असेल तर समोरच्या छोट्या वेस्ट व्ह्यू पार्कात वरच्या टोकाला उभे राहा. दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं, तेव्हा रंग उठून दिसतात. चांगल्या कोनासाठी आसपासच्या उंच भिंतींवर चढू नका, पलीकडे खोल आहे. आणि ही घरं लोकांची राहती घरं आहेत. कुणाच्या पायरीवर बसून, दाराला टेकून फोटो काढायचे नाहीत. खिडकीतून कुणी बघितलं तर मान हलवून 'हॅलो' म्हणा, इथे अनोळखी माणसालाही तेवढं म्हणतात.

वेळ उरली तर

तीनच्या सुमाराला तुमच्यापुढे दोन वाटा असतात.

एक म्हणजे जुन्या चर्चची दफनभूमी ('ओल्ड चर्च सेमेटरी'), गावाच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर. लुसिटानियाच्या बळींच्या सामुदायिक कबरी तिथे आहेत. १० मे १९१५ रोजी गावाने त्यांना निरोप दिला. अनेकांची ओळखही पटलेली नव्हती. तिथे फारसं कुणी जात नाही आणि ते गाव समजून घ्यायला फार उपयोगी आहे. टॅक्सीने जा, चालत परत या, वाट उताराची आहे.

दुसरी म्हणजे स्पाइक आयलंड. पण हे 'उरलेल्या वेळात' बसत नाही. केनेडी धक्क्यावरून बोटीने जाऊन-येऊन, किल्ला बघून साडेतीन तास सहज लागतात. शिवाय बोटींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात. स्पाइक करायचं असेल तर तिकीट आधी ऑनलाइन घ्या, हेरिटेज सेंटरनंतर दुपारची बोट धरा आणि टायटॅनिक एक्सपीरियन्स सोडा. बेटावर ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे. १८५० च्या दशकात त्यात दोन हजारांहून अधिक कैदी कोंबलेले होते. देश स्वतंत्र झाल्यावरही १९३८ पर्यंत तो ब्रिटिशांच्याच ताब्यात होता, आणि पुढे १९८५ ते २००४ या काळात तिथे पुन्हा तुरुंग चालला. अंदमानच्या सेल्युलर जेलची माहिती असलेल्या मराठी माणसाला इथल्या शिक्षेच्या कोठड्या बघताना बरंच काही ओळखीचं वाटेल. आकाश स्वच्छ असेल आणि बरोबर दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर मी स्पाइकच निवडेन. वारा सुटलेला असेल तर दफनभूमी आणि गावातल्या एखाद्या खिडकीशेजारचा चहा.

परतताना डाव्या हाताची खिडकी. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची पकडा, म्हणजे डब्लिनची पुढची गाडी चुकणार नाही. आणि कॉर्कला उतरून बसने घरी जाणार असाल तर उतरताना चालकाला 'थँक्स' म्हणायला विसरू नका, इथे सगळेच म्हणतात.